व्हिडिओंचं बिऱ्हाड हलवताना: एका क्लाउड स्ट्रीमिंग प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर जाण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर-नांदेडचे क्लासेस, स्थानिक न्यूज चॅनेल, कीर्तनांचं चित्रीकरण करणारी मंडळी आणि कॉलेजांचे ई-लर्निंग विभाग यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फाइली इकडून तिकडे कॉपी केल्या की झालं ना? त्यात एवढं काय?

फाइल कॉपी करणं हे कामातलं सगळ्यात सोपं काम. खरं तर चार वेगवेगळ्या गोष्टी हलवायच्या असतात. पहिली, तुम्ही अपलोड केलेली मूळ फाइल. दुसरी, प्लॅटफॉर्मने तिच्यापासून बनवलेल्या २४०पी, ४८०पी, ७२०पी अशा आवृत्त्या. तिसरी, शीर्षक, वर्णन, थंबनेल, सबटायटल, धड्यांचा क्रम आणि कोणाला काय दिसावं याचे नियम. चौथी म्हणजे पत्ते: प्रत्येक व्हिडिओचा आयडी आणि त्या आयडीवर उभी असलेली तुमची वेबसाइट, अॅप, व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या लिंका, छापील नोट्सवरचे क्यूआर कोड.

दुसरी गोष्ट सहसा हलवायची नसते, नवा प्लॅटफॉर्म ती स्वतः बनवतो. स्थलांतर फसतं ते बहुतेक वेळा चौथ्या गोष्टीत. म्हणून पहिला बाइट हलवण्याआधी ‘जुना आयडी – नवा आयडी’ असा तक्ता सुरू करा आणि शेवटपर्यंत तोच तक्ता प्रमाण माना.

२. जुन्या प्लॅटफॉर्मकडे आमची मूळ फाइल आहे की नाही, हे कसं कळणार?

‘डाउनलोड’ बटण आहे म्हणजे मूळ फाइल आहे असं धरून चालू नका. यूट्यूब स्टुडिओतून स्वतःचाच व्हिडिओ उतरवला तरी तो जास्तीत जास्त ७२०पी एमपी४ मिळतो. क्लाउडफ्लेअर स्ट्रीमवर प्रत्येक व्हिडिओचं एमपी४ डाउनलोड वेगळं चालू करावं लागतं आणि मिळते ती एन्कोड झालेली, म्हणजे पुन्हा दाबून लहान केलेली प्रत. मक्स या व्हिडिओ प्लॅटफॉर्मवर मास्टर फाइलसाठी तात्पुरता प्रवेश मागावा लागतो. ती लिंक २४ तास चालते, त्यामुळे शंभर व्हिडिओंच्या लिंका एकदम काढून ठेवण्यात अर्थ नाही.

ओळखायची सोपी खूण म्हणजे आकार. कॅमेऱ्यातून ५ एमबीपीएसने (सेकंदाला ५ मेगाबिट) निघालेलं एक तासाचं लेक्चर साधारण २.२५ जीबी भरतं. तेच १.५ एमबीपीएसचं असेल तर ६७५ एमबी. तुम्ही चढवलेली फाइल दोन जीबीच्या पुढे होती आणि उतरलेली सहाशे-सातशे एमबीची असेल, तर ती दाबलेली प्रत आहे.

आणि हो, प्लॅटफॉर्मच्या मागे लागण्याआधी एडिटिंग करणाऱ्या पोराकडच्या हार्ड डिस्क बघा. निम्मं काम तिथेच होतं.

३. मूळ फाइल कुठेच नाही. फक्त प्लेअरमध्ये चालणारा व्हिडिओ आहे. मग?

तो बहुधा एचएलएस स्वरूपात आहे, म्हणजे एक मुख्य प्लेलिस्ट, तिच्याखाली प्रत्येक दर्जाची उप-प्लेलिस्ट आणि तिच्याखाली काही सेकंदांचे तुकडे. अॅपलची शिफारस ६ सेकंदांच्या तुकड्यांची आहे. अशा वेळी दोन वाटा आहेत.

पहिली वाट: सर्वांत वरच्या दर्जाची उप-प्लेलिस्ट घेऊन एफएफएमपेग या व्हिडिओ-प्रोग्रामने सगळे तुकडे जोडून एक एमपी४ करा, पण ‘स्ट्रीम कॉपी’ पद्धतीने, पुन्हा एन्कोड न करता. नवा प्लॅटफॉर्म तसंही पुन्हा एन्कोड करणार आहे. मधे तुम्ही आणखी एकदा केलंत तर चित्र तिसऱ्यांदा दाबलं जातं. फळ्यावरच्या लेक्चरमध्ये हे लगेच दिसतं. सरांचा चेहरा ठीक राहतो, पण अनुस्वार, रफार आणि गणितातले घातांक पुसट होतात.

दुसरी वाट: नव्या ठिकाणी साधं ऑब्जेक्ट स्टोरेज (फाइली ठेवायची क्लाउडमधली जागा) आणि सीडीएन (प्रेक्षकाजवळच्या सर्व्हरवरून फाइल पोचवणारं जाळं) वापरणार असाल तर अख्खा एचएलएस फोल्डर आहे तसा उचला. एन्कोडिंगचा खर्च शून्य. मात्र दोन ठिकाणी घात होतो. एक, प्लेलिस्टच्या आत तुकड्यांचे पूर्ण पत्ते लिहिलेले असले तर नव्या जागेवरची प्लेलिस्टसुद्धा तुकडे जुन्या सर्व्हरवरूनच आणत राहते. चाचणीत सगळं छान चालतं आणि जुनं खातं बंद केल्याच्या दिवशी सगळं एकदम पडतं. प्लेलिस्ट टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून जुनं डोमेन शोधा. दोन, अपलोड करताना प्लेलिस्ट आणि तुकड्यांचा कंटेंट टाइप (फाइल कोणत्या प्रकारची आहे ते सांगणारी खूण) बरोबर लागला आहे का बघा. चुकीचा लागला तर काही प्लेअर व्हिडिओ उघडायलाच नकार देतात.

व्हिडिओ कूटबद्ध (किल्लीशिवाय न चालणारा) असेल तर आधी प्रश्न ११ वाचा.

४. आमच्याकडे २ टीबी व्हिडिओ आहेत आणि ऑफिसात १०० एमबीपीएसची लाइन आहे. किती दिवस लागतील?

आधी अपलोडचा वेग मोजा. जाहिरातीतला आकडा बऱ्याचदा डाउनलोडचा असतो. अपलोडही खरोखर १०० असेल तर २ टीबीला कागदावर ४४ तास, आणि लाइनचा सत्तर टक्के वापर धरला तर ६३ तास. अपलोड २० एमबीपीएस असेल तर त्याच सत्तर टक्क्यांनी तेरा दिवस.

पण खरी अडचण वेगळीच आहे. घरगुती फायबरच्या अनेक ‘अमर्याद’ प्लॅनमध्ये महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते आणि तिच्यात अपलोड-डाउनलोड दोन्ही धरतात. २ टीबी आधी उतरवणार आणि मग चढवणार म्हणजे ४ टीबी. काम ऐंशी टक्क्यांवर असताना लाइन मुंगीच्या चालीने चालू लागते.

म्हणून व्हिडिओ आपल्या ऑफिसातून नेऊच नका. क्लाउड कंपनीच्या मुंबई किंवा हैदराबाद रीजनमध्ये (तिथल्या डेटा सेंटरमध्ये) काही दिवसांसाठी एक छोटा व्हर्च्युअल सर्व्हर घ्या, त्यावर आरक्लोन हा फाइली हलवणारा प्रोग्राम चालवा आणि क्लाउडमधून थेट क्लाउडमध्ये हलवा. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली किंवा दुपारी लाइट गेली तरी काम चालू राहतं. ऑफिसातूनच चढवणं भाग असेल, तर तुटल्यावर तिथूनच पुढे सुरू होणारी अपलोड पद्धत वापरा (टस प्रोटोकॉल किंवा मल्टीपार्ट, म्हणजे फाइल तुकड्यांत चढवणं), आणि राउटरला वेगळा यूपीएस द्या. नुसत्या कॉम्प्युटरला बॅकअप असून भागत नाही.

५. ‘लिंक द्या, आम्ही ओढून घेतो’ असं नवा प्लॅटफॉर्म म्हणतो. ते बरं की वाईट?

मूळ फाइली आधीच क्लाउड स्टोरेजमध्ये असतील तर हीच सर्वांत चांगली पद्धत. अट एकच: लिंक उघडल्यावर थेट फाइल आली पाहिजे. गुगल ड्राइव्हची शेअर लिंक इथे चालत नाही, कारण मोठ्या फाइलआधी ड्राइव्ह व्हायरस-तपासणीचा इशारा देणारं पान दाखवतं आणि प्लॅटफॉर्म त्या पानालाच व्हिडिओ समजून उचलतो. फाइल काही केबींची आणि कालावधी शून्य दिसला तर हेच झालं आहे.

एस-थ्री या अॅमेझॉनच्या क्लाउड स्टोरेजमधून सही केलेली तात्पुरती लिंक देत असाल तर तिची कमाल मुदत ७ दिवस आहे. हजारो व्हिडिओंची रांग लावली आणि रांग आठ दिवस चालली, तर शेवटचे व्हिडिओ परवानगी नाकारल्यामुळे पडतात. रोज लागतील तेवढ्याच लिंका रोज बनवा.

६. जुन्या ठिकाणाहून डेटा बाहेर काढायचे पैसे लागतात म्हणे?

मोठ्या क्लाउडवर लागतात, आणि अंदाजपत्रकात हाच खर्च विसरला जातो. एडब्ल्यूएसच्या (अॅमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनमधून इंटरनेटवर जाणाऱ्या डेटाला पहिल्या टप्प्यात जीबीमागे ०.१०९३ डॉलर हा दर आहे, दरमहा पहिले १०० जीबी मोफत. त्या हिशेबाने २ टीबीला सुमारे २१० डॉलर. निघण्याआधी दरपत्रक पुन्हा बघून घ्या.

२०२४च्या सुरुवातीला गुगल, एडब्ल्यूएस आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही, ग्राहक कायमचा सोडून जात असेल तर हे शुल्क माफ करण्याची सोय जाहीर केली. पण ती आपोआप लागू होत नाही. डेटा हलवण्याआधी सपोर्टला अर्ज करून मंजुरी घ्यायची असते. आधी हलवलं आणि मग अर्ज केला, की बिल तुमचंच.

जुने व्हिडिओ ग्लेशियर डीप आर्काइव्ह या एडब्ल्यूएसच्या क्वचित लागणाऱ्या फाइलींच्या स्टोरेजमध्ये टाकले असतील तर ते बाहेर यायलाच साधारण १२ तास आणि स्वस्त पर्यायाने ४८ तासांपर्यंत लागतात. शिवाय तिथे १८० दिवसांचं किमान भाडं आहे. दोन महिन्यांत काढलं तरी सहा महिन्यांचे पैसे जातात.

७. सगळं एकदम हलवायचं की थोडं थोडं?

आधी दहा व्हिडिओ, आणि तेही सोपे नकोत. सर्वांत लांब, सर्वांत जुना, मोबाइलवर उभा काढलेला, एकाच कानात आवाज असलेला, सबटायटल असलेला, कूटबद्ध केलेला, मराठी नावाचा असे अडेलतट्टू निवडा. मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) स्थिर नसतो. एन्कोडिंगनंतर चाळिसाव्या मिनिटाला ओठ आणि आवाज यांची फारकत झालेली दिसते. असे व्हिडिओ आधी स्थिर २५ किंवा ३० फ्रेमवर आणून मगच चढवा. (प्रश्न ३ मधला पुन्हा एन्कोड न करण्याचा नियम इथे मुद्दाम मोडावा लागतो.)

हे दहा नीट गेले की दोनशे-दोनशेच्या तुकड्या करा.

८. फाइल जशीच्या तशी पोचली हे कसं तपासायचं?

स्टोरेजमधून स्टोरेजमध्ये नेलं असेल तर चेकसम (फाइलच्या बाइटांवरून काढलेली खूण) जुळवा; आरक्लोनची ‘चेक’ आज्ञा हे काम करते. एस-थ्रीवर एक फसगत होते: मल्टीपार्ट पद्धतीने चढवलेल्या फाइलचा ईटॅग (एस-थ्रीने लावलेली ओळख-खूण) म्हणजे त्या फाइलचा एमडी५ (एक प्रकारचा चेकसम) नव्हे. तो जुळला नाही म्हणून फाइल खराब आहे असं समजून पुन्हा दोन दिवस अपलोड करत बसू नका.

प्लॅटफॉर्मवर एन्कोड झालेल्या व्हिडिओचा चेकसम जुळणारच नाही. तिथे कालावधी जुळवा, एक सेकंदाच्या फरकापर्यंत चालतं. ऑडिओ ट्रॅक आहे का बघा. आणि प्रत्येक तुकडीतले पाच-दहा व्हिडिओ शेवटच्या मिनिटावर नेऊन डोळ्यांनी पाहा, कारण अर्धवट अपलोड झालेल्या फाइलचं डोकं नेहमी शाबूत असतं.

९. मराठी नावांच्या फाइली ‘सापडत नाही’ असा एरर देतात. नाव तर तंतोतंत तेच आहे!

डोळ्यांना तेच आहे, कॉम्प्युटरला नाही. ‘दौऱ्याचे’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकच अक्षर म्हणून लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणूनही. शिवाय काही कीबोर्ड ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून तोच आकार काढतात. तिन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगळे. फाइलचं नाव एका पद्धतीने आणि तक्त्यातलं नाव दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं असलं की जोडी जुळत नाही. युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) केल्याने पहिल्या दोन पद्धती एक होतात. तिसरी होत नाही, तिथे ते जोडचिन्ह शोधून बदलावं लागतं.

दुसरी अडचण लांबीची. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्त धरून, ३ बाइट खातं. ‘अखंड हरिनाम सप्ताह पाचवा दिवस सायंकाळचे हरिकीर्तन श्रीक्षेत्र परळी वैजनाथ कॅमेरा दोन अंतिम’ हे नाव एक्स्टेंशनसह २५० बाइट भरतं. त्यात ‘भाग’ हा एक शब्द घातला की २६०, आणि फाइल प्रश्न ४ मधल्या लिनक्स सर्व्हरवर उतरतच नाही. विंडोजवर मात्र ती वर्षानुवर्षं सुखाने पडून असते, कारण तिथली मोजणी बाइटची नाही.

उपाय एकच आणि कायमचा: फाइलचं नाव इंग्रजी अक्षरं-अंकांचा छोटा संकेत ठेवा, आणि मराठी शीर्षक तक्त्यात आणि प्लॅटफॉर्मच्या शीर्षकाच्या रकान्यात.

१०. तक्ता एक्सेलमध्ये बनवला तर मराठी मजकूर बिघडतो आणि आयडीही बदलतात. असं का?

एक्सेल १५ अंकांपुढची अचूकता ठेवत नाही. १८ अंकी व्हिडिओ आयडीचे शेवटचे तीन अंक गुपचूप शून्य होतात. आयडीच्या सुरुवातीचं शून्यही उडतं. तक्त्याची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची) फाइल ‘डबल क्लिक’ने उघडू नका, डेटा आयात करा, आयडीचा रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा.

सबटायटलचीही तीच गत. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली सबटायटल फाइल म्हणजे प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांची खिचडी असते, तो फॉन्ट असेल तरच मराठी दिसते. ती आधी युनिकोडमध्ये आणा. एसआरटी या सबटायटलच्या स्वरूपावरून वेबव्हीटीटी हे दुसरं स्वरूप करताना मिलिसेकंदाआधीचा स्वल्पविराम टिंब होतो आणि पहिल्या ओळीत वेबव्हीटीटीचं नाव लागतं. भाषेचा संकेत ‘एमआर’ आहे; घाईत हिंदीचा लावला की प्लेअरच्या मेनूत मराठीच्या जागी हिंदी दिसतं.

११. व्हिडिओवर डीआरएम आहे. तो तसाच हलवता येतो का?

डीआरएम म्हणजे परवान्याशिवाय व्हिडिओ चालू नये म्हणून लावलेलं कुलूप. आधी प्रकार ओळखा. साध्या एचएलएस कूटबद्धतेत १६ बाइटची एक किल्ली असते आणि तिचा पत्ता प्लेलिस्टमध्ये लिहिलेला असतो. तुम्ही मालक आहात, किल्ली मिळते, तर हलवण्याआधी कुलूप काढून घ्या. तुकडे कॉपी केले आणि किल्लीचा सर्व्हर जुनाच राहिला, तर खातं बंद होताच सगळा साठा भंगार.

वाइडवाइन, फेअरप्ले, प्लेरेडी हे खरे डीआरएम. त्यांच्या किल्ल्या परवाना देणाऱ्या सेवेकडे असतात आणि त्या बाहेर मिळतीलच असं नाही. करारात लिहिलं आहे का ते बघा. व्यवहार्य मार्ग म्हणजे कुलूप नसलेल्या मूळ फाइली घेऊन नव्या ठिकाणी नव्याने पॅकेज करणं (तुकडे आणि प्लेलिस्ट बनवून कुलूप लावणं). जुन्या पॅकेजिंगमध्ये अँड्रॉइडसाठी एक आणि आयफोनसाठी दुसरी कूटपद्धत असल्यामुळे दोन संच ठेवावे लागत. नव्याने करताना ‘सीबीसीएस’ पद्धत घेतली तर बहुतेक नव्या उपकरणांसाठी एकच संच पुरतो, पण पोरांकडचे जुने अँड्रॉइड फोन आणि टीव्ही तपासल्याशिवाय ते ठरवू नका.

फेअरप्लेचं प्रमाणपत्र अॅपलच्या डेव्हलपर खात्यावर निघतं. ते खातं क्लासच्या नावावर आहे की अॅप बनवून देणाऱ्याच्या, हे आजच बघा. आणि विद्यार्थ्यांनी फोनमध्ये डाउनलोड करून ठेवलेले व्हिडिओ जुन्या परवान्यावर आहेत. ते हलत नाहीत, पुन्हा उतरवावे लागतील. खेड्यात रेंज जेमतेम असलेल्या मुलांना हे पंधरा दिवस आधी सांगा.

१२. जुन्या लिंका चालू ठेवायच्या आहेत. नोट्सवर क्यूआर कोड छापले आहेत!

कोड तुमच्या स्वतःच्या डोमेनकडे जात असेल तर काम सोपं आहे: प्रश्न १ मधल्या तक्त्यावरून जुना आयडी आला की नव्याकडे वळवणारा नियम लावा. डीएनएसची (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जातं ते सांगणारी) नोंद बदलणार असाल तर दोन दिवस आधी तिचा टीटीएल (ती नोंद किती वेळ साठवून ठेवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा, नाहीतर काही नेटवर्कवर जुनाच पत्ता कितीतरी तास चालत राहतो.

कोड थेट जुन्या प्लॅटफॉर्मच्या डोमेनकडे जात असेल तर वळवणं तुमच्या हातात नाही. ते खातं छापील नोट्स वापरात असेपर्यंत कमीत कमी प्लॅनवर जिवंत ठेवा, आणि पुढची आवृत्ती स्वतःच्या डोमेनचा कोड घालूनच छापा. अॅपमध्ये पत्ते कोडमध्येच लिहिलेले असतील तर तीच गत: अपडेट न करणारे विद्यार्थी महिनोन्‌महिने जुन्याच पत्त्यावर येत राहतात.

१३. लिंक ब्राउझरमध्ये थेट उघडली तर व्हिडिओ चालतो, आमच्या वेबसाइटवर मात्र काळा चौकोन दिसतो.

बहुतेक वेळा सीओआरएसचा (कोणत्या वेबसाइटला ही फाइल वापरता येईल त्याचा) नियम राहिलेला असतो. नव्या स्टोरेजवर तुमच्या डोमेनला परवानगी द्या, ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह आणि त्याविना, दोन्ही. परवानगी दिल्यावरही काळंच दिसत असेल तर सीडीएनने जुनं उत्तर साठवून ठेवलं आहे. तो साठा (कॅशे) रिकामा करा.

१४. व्ह्यूज, कॉमेंट, कोणी किती पाहिलं हे सोबत येतं का?

नाही. सीएसव्हीमध्ये उतरवून ठेवा. विद्यार्थ्याने ‘कुठपर्यंत पाहिलं’ ही नोंद तुमच्या अॅपच्या डेटाबेसमध्ये असेल तर नव्या आयडीशी जोडता येते.

१५. दरवर्षी नाथषष्ठीला पैठणहून लाइव्ह असतं. ते कसं हलवायचं?

लाइव्हमध्ये हलवायला फाइल नसते, फक्त सर्व्हरचा पत्ता आणि स्ट्रीम की (तुमच्या लाइव्हचा गुप्त संकेत) बदलते. अडतं ते बारक्या गोष्टींवर. आरटीएमपी (लाइव्ह चित्र सर्व्हरकडे पाठवायची पद्धत) बहुधा १९३५ पोर्टवरून जातं आणि काही ठिकाणचं वायफाय ते अडवतं, म्हणून चाचणी प्रत्यक्ष जागेवरून, त्याच लाइनवर करा. ओबीएस या लाइव्ह पाठवायच्या प्रोग्राममध्ये कीफ्रेमचं (पूर्ण साठवलेल्या चित्राचं) अंतर २ सेकंद ठेवा; ‘आपोआप’वर सोडलं तर काही प्लॅटफॉर्म तुकडे नीट पाडत नाहीत. कार्यक्रमानंतर रेकॉर्डिंग आपोआप साठतं की आधी पर्याय चालू करावा लागतो, हे चाचणीतच बघा. आणि एन्कोडरवर स्थानिक रेकॉर्डिंग चालूच ठेवा. ते राहिलं नाही तर पुढच्या स्थलांतराला प्रश्न ३ तुमचाच.

१६. प्लॅटफॉर्मच बंद होणार असल्याची नोटीस आली आहे. घाबरायचं का?

तारीख बघा आणि तुमचा साठा नक्की कोणाच्या खात्यात आहे ते बघा. मायक्रोसॉफ्टची अझ्युर मीडिया सर्व्हिसेस ही व्हिडिओ सेवा ३० जून २०२४ला बंद झाली. तिथल्या फाइली ग्राहकाच्या स्वतःच्या स्टोरेज खात्यात असल्यामुळे त्या उरल्या. स्ट्रीमिंगचे पत्ते मात्र बंद पडले. अशा फोल्डरमध्ये वेगवेगळ्या दर्जाचे एमपी४ मिळतात. त्यातला सर्वांत मोठा मूळ फाइल म्हणून वापरता येतो, किंवा सगळे मिळून पुन्हा एन्कोड न करता नव्याने पॅकेज करता येतात.

१७. हे सगळं वर्षात कधी करावं?

नीट परीक्षेची तयारी घेणाऱ्या क्लासने जानेवारी ते मेच्या सुरुवातीपर्यंत कशालाही हात लावू नये. बारावीची बोर्ड परीक्षा, सीईटी आणि नीट याच काळात येतात आणि मुलं जुनी लेक्चरं पुन्हा बघतात ती तेव्हाच. नीट परीक्षा झाल्यापासून जूनमध्ये नवी बॅच बसेपर्यंतचे तीन-चार आठवडे उत्तम. ते हुकले तर दिवाळीच्या सुटीत फक्त जुन्या वर्षांचा साठा हलवा.

१८. जुनं खातं कधी बंद करायचं?

नवं सुरू झाल्यावर किमान एक पूर्ण बिलिंग महिना थांबा आणि जुन्या बाजूचे लॉग पाहा. रोज काही विनंत्या येत असतील तर त्या कुठून येतात ते शोधा. बहुतेकदा एखादं विसरलेलं पान, जुनं अॅप किंवा प्रश्न ३ मधली पूर्ण पत्त्यांची प्लेलिस्ट निघते. मग काही दिवस व्हिडिओ न पुसता फक्त सार्वजनिक प्रवेश बंद करा. तक्रारीचे फोन आले तर पाच मिनिटांत परत चालू करता येतो. पुसलेलं परत आणता येत नाही. आठवडाभर फोन शांत राहिला, की पेमेंटचं कार्ड काढा आणि शेवटचं बिल उतरवून ठेवा, कारण खातं बंद झाल्यावर ऑडिटसाठी ते मिळवताना नाकी नऊ येतात.